बाहुलीच्या घराला कापडी भिंती

प्रश्न : नातीसाठी प्लायवूडचं दुमजली बाहुलीघर सुताराकडून करून घेतलं आहे. भिंतींना कागद चिकटवला तर पुढे तो खरवडून काढावा लागेल, आणि तिची आवड तर सारखी बदलते. घरात ओटीच्या ब्लाउजपीसची चळत पडून आहे. ते भिंतींना लावता येतील का? आणि हवे तेव्हा काढता येतील का?
— एक आजी, सांगली

उत्तर : दोन्ही जमेल. फक्त कापड भिंतीला चिकटवू नका. ते पुठ्ठ्यावर चढवा आणि पुठ्ठा भिंतीला लावा.

कापडी भिंतींची ही हौस राजघराण्यांनीही केली आहे. इंग्लंडच्या राणी मेरीसाठी एडविन ल्युटन्स यांनी, म्हणजे नवी दिल्ली आखणाऱ्याच वास्तुकाराने, बाहुलीघर आखलं. ते १९२४ मध्ये पूर्ण झालं आणि आज विंडसरच्या किल्ल्यात आहे. त्यातल्या काही दालनांच्या भिंती रेशमाने मढवलेल्या आहेत. या घराचं माप १:१२, म्हणजे खऱ्या घरातल्या एका फुटाला इथे एक इंच. तुमच्याकडच्या खोल्या आठ-नऊ इंच उंच असतील, तर तुमचंही माप तेच.

कापड निवडताना हा हिशेब लक्षात ठेवा. ब्लाउजपीसवरचं इंचभर फूल बाहुलीच्या भिंतीवर फूटभर दिसणार! म्हणून चार-पाच मिलिमीटरची बुट्टी, बारीक चौकडी किंवा रेघा घ्या. पातळ सुती कापड सगळ्यात सोयीचं. खणाची बुट्टी छान दिसते, पण त्याच्या दशा लवकर सुटतात. तिथे माया जरा जास्त ठेवा.

आता कृती. कापड धुऊन, आटवून, इस्त्री करून घ्या. पातळ पुठ्ठा भिंतीच्या मापापेक्षा चारही बाजूंनी एक-एक मिलिमीटर कमी कापा, कारण दुमडलेल्या कापडाची जाडी तेवढी जागा खाते. रेघ भिंतीला समांतर आहे ना, हे पाहून कापड दीड सेंटिमीटर माया ठेवून कापा. कोपरे तिरके छाटा, माया मागे ओढून दुमडा आणि डिंक फक्त तिथेच लावा. पुढच्या बाजूला पांढरा डिंक लावलात तर तो कापडातून वर येतो आणि वाळल्यावर डाग दिसतो. खिडकीच्या जागी पुठ्ठा आधीच कापून घ्या, त्यावरच्या कापडाला फुलीसारखी चीर द्या आणि चारही टोकं मागे चिकटवा.

बसवताना आधी मागची भिंत, मग बाजूच्या. बाजूचे पुठ्ठे मागच्याला आपोआप दाबून धरतात. तरी हललंच, तर दुहेरी चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा कोपऱ्यांत पुरतो.

खळ लावून कापड थेट डकवण्याची युक्ती कुणी सुचवेल. रंगवलेल्या खऱ्या भिंतीवर ती चालते, ओलं केलं की कापड निघतंही. पण कोरं प्लायवूड पाणी पितं, एमडीएफ तर फुगतो. शिवाय खळीवर झुरळं आणि कसर येतात. बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात, पण ते विषारी आहे. मुलांच्या खेळण्यात नकोच.

पुठ्ठा कापण्याआधी प्रत्येक भिंतीचा कागदी नमुना करा, त्यावर खोलीचं नाव आणि वरची बाजू लिहा. नातीची आवड बदलली की पुन्हा मापं घ्यायला नकोत. ब्लाउजपीस मात्र तिलाच निवडू द्या.