पहिलं वाक्य त्यांचं त्यांना लिहू दे

अगं, काल फोनवर तुझा आवाज किती थकलेला होता! रात्री साडेअकराला कुणीतरी निबंधाचा फोटो पाठवतं, ‘ताई, उद्या द्यायचाय, जरा बघा ना’ म्हणतं, आणि तू डोळे चोळत बसतेस. वर मलाच विचारतेस, ‘नाही म्हटलं तर मुलं दुखावतील का गं?’ बस जरा, सांगते.

आधी माझी चूक ऐक. माझ्याकडे मराठीच्या शिकवणीला दहावीचा एक मुलगा यायचा. गुणी, पण लिहायला घाबरायचा. तो अडला की मला बघवायचं नाही. मग मी पहिलं वाक्य सांगायची, पुढे पुढे अख्खा परिच्छेद. वही देखणी झाली, घरचेही खूश. सराव परीक्षेत छत्रीचं आत्मकथन आलं आणि त्याने पान कोरं ठेवलं. का रे, विचारलं तर म्हणाला, ‘ताई, पहिलं वाक्य तुम्ही सांगता ना नेहमी.’ त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून तर जास्त लागलं मला.

दहावीच्या मराठीच्या, म्हणजे कुमारभारतीच्या, ८० गुणांच्या पेपरात २४ गुण उपयोजित लेखनाचे असतात. पत्र, बातमी, जाहिरात, कथा, निबंध. तिथे ना तू शेजारी असतेस, ना मी. म्हणून मर्यादा आखायची ती तुझ्या झोपेसाठी तर आहेच, पण त्याहून जास्त त्यांच्या हाताला सवय लागावी म्हणून. एवढं मनात पक्कं असलं की ‘नाही’ म्हणताना जीभ अडखळत नाही.

वेळेचं पहिल्याच दिवशी सांगून टाक, फीचं सांगतेस तेव्हाच. वही रविवारी द्यायची, मंगळवारी तपासून मिळेल, रात्री आठनंतर मी फोन बघत नाही. आणि मग खरंच बघू नकोस. एकदा साडेअकराला उत्तर दिलंस की नियम तूच मोडलास. सकाळी शांतपणे लिही, ‘निबंध मिळाला. मंगळवारी मिळून बघू. तोवर शेवटचा परिच्छेद मोठ्याने वाचून बघ, जिथे अडखळतेस तिथे खूण कर.’ बघ, नकारही झाला आणि मुलीच्या हाताला कामही मिळालं.

तपासताना तिच्या ओळीवर आपली ओळ लिहू नकोस. ‘पावसाळ्यात खूप मजा आली’ असं असेल, तर समासात एवढंच विचार, ‘कोणती मजा? कोण होतं बरोबर?’ उत्तर तिला शोधू दे.

एखादीची आई म्हणेल, ‘बोर्डाचं वर्ष आहे, तुम्हीच छान लिहून द्या, ती पाठ करेल.’ रागावू नकोस, काळजीपोटी बोलते ती. म्हणावं, ‘वहिनी, मी लिहून दिलं तर ते माझं होईल. तिचं तिने लिहिलं की मी हव्या तितक्या वेळा तपासून देईन.’ आणि तेवढं मात्र मनापासून दे.

एक नाजूक गोष्ट राहिली. गणिताच्या वहीत मूल मन उघडं करत नाही, निबंधात करतं. ‘माझे बाबा’ लिहिताना एखादी लिहून जाते की बाबा दारू पिऊन आईला मारतात. अशा वेळी लाल पेन खाली ठेव. तिला एकटीला बाजूला घेऊन म्हण, ‘तू लिहिलंस ते मी वाचलं. सांगितलंस ते बरं केलंस.’ ती वही इतर आयांना दाखवू नकोस, पण ‘कुणालाच सांगणार नाही’ असं वचनही देऊ नकोस. तिच्या विश्वासातलं मोठं माणूस शोध, शाळेतल्या बाईंशी बोल, १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर तिला दे. मूल धोक्यात आहे असं वाटलं तर तूच तिथे फोन कर. सगळं ओझं एकटीने उचलायला जाऊ नकोस, त्यात तिचंही भलं नाही.

त्या मुलाचं पुढे काय झालं, सांगते. पुढच्या तासाला मी नुसती बसून राहिले. तो पेन चावत, खिडकीकडे बघत बराच वेळ गप्प होता. मला चारदा बोलावंसं वाटलं, नाही बोलले. मग त्याने लिहिलं, ‘मी छत्री आहे, पण मला ऊन आवडतं.’ मला जन्मात सुचलं नसतं गं ते!

आज फोन दुसऱ्या खोलीत ठेवून झोप. आणि मंगळवारचा तास कसा झाला ते मला कळव.

तुझी ताई