सुरीचे कसब

जपानच्या दक्षिण किनाऱ्यालगत एक उबदार सागरी प्रवाह वाहतो. त्याचे पाणी गडद निळे, जवळजवळ काळे दिसते. म्हणून त्याला ‘कुरोशिओ’, म्हणजे काळा प्रवाह, असे म्हणतात. वाकायामा शहरातील एका मासळीबाजाराने हेच नाव धारण केले आहे. तेथे अखंड ट्यूना मासा सर्वांसमक्ष कापून दाखवितात.

कोकणातील कोळी ज्याला कुपा म्हणतात, त्याच कुळातला हा मासा. विश्रांती त्याला ठाऊकच नाही. तोंड किंचित उघडे ठेवून तो सतत पोहत राहिला, तरच कल्ल्यांतून पाणी वाहते व त्याला प्राणवायू मिळतो; थांबला की तो गुदमरतो. या अविश्रांत श्रमासाठी त्याच्या स्नायूंत प्राणवायू साठविणारे तांबडे द्रव्य विपुल असते. त्यामुळेच त्याचे मांस लालभडक दिसते.

फळीवर माणसाएवढा मासा आडवा पडलेला असतो. भोवती गर्दी जमते. एखादे मूल आईच्या पाठीमागे तोंड लपविते आणि पुन्हा हळूच डोकावते. नाजूक मनाच्या माणसाला हे दृश्य रुचणार नाही, हे खरे. परंतु ताटातील घास कोठून आला, हे डोळ्यांनी पाहण्यात गैर काय?

कारागीर प्रथम डोके वेगळे करतो. मग तो तलवारीसारखी लांब सुरी हाती घेतो. येथे बळाचे काम थोडे, अंदाजाचे फार. पाठीचा कणा मांसाआड दडलेला असतो. हाडाला पाते घासल्याचे हाताला जाणवते, त्याच खुणेने त्याला पुढे जावे लागते. पाते वर सरकले तर उत्तम मांस हाडालाच चिकटून राहते. अखेर मांसाचे चार लांब भाग निघतात. पाचवा भाग कण्याचा. पाठीकडचे मांस लाल, तर पोटाकडचे चरबीमुळे फिकट गुलाबी असते.

हा काटेकोरपणा केवळ पैशासाठी नव्हे. अतिरेकी मासेमारीमुळे प्रशांत महासागरातील निळ्या पराचा ट्यूना फार घटला होता. म्हणून 2015 पासून 30 किलोंहून लहान माशांची पकड 2002 ते 2004 या काळातील सरासरीच्या निम्म्यावर आणण्यात आली. त्यानंतर त्यांची संख्या पुन्हा वाढू लागली.

कणा उरला, तरी काम संपत नाही. काट्यांच्या मधल्या खाचांत मांस राहिलेले असतेच. कारागीर शिंपला किंवा चमचा घेऊन ते हलकेच खरवडतो. जपानी लोक त्याला ‘नाकाओची’ म्हणतात आणि आवडीने खातात. लपलेले मूल एव्हाना पुढे आलेले असते. फळीवर आता पांढरे काटे तेवढे दिसतात.