ग्रँड कॅनियनच्या तळाशी मुक्काम: खर्च किती?

ग्रँड कॅनियनच्या दक्षिण कड्यावरून उतरून कोलोरॅडो नदीकाठी एक रात्र तंबूत काढायची, तर दोघांना परवान्याचे ४० डॉलर पडतात: परवान्यामागे १० आणि माणशी दर रात्री १५. गाडीच्या प्रवेशाचे ३५ डॉलर, ते सात दिवस चालतात. कड्यावरच्या शटल बसला तिकीट नाही. म्हणजे अमेरिकेत राहणाऱ्या जोडप्याचे ७५ डॉलरमध्ये भागते.

भारतातून येणाऱ्यांचा हिशेब २०२६ पासून बदलला आहे. सोळा किंवा अधिक वर्षांच्या परदेशी पाहुण्याला वार्षिक पास नसेल, तर प्रवेशाखेरीज माणशी १०० डॉलर द्यावे लागतात. दोन पाहुण्यांचे नुसत्या प्रवेशाचे २३५ होतात, आणि परदेशी लोकांचा वार्षिक पास २५० डॉलरला मिळतो. याच सहलीत झायन किंवा ब्राइस कॅनियन असेल, तर पासच घ्यावा, कारण तिथेही हीच जादा आकारणी आहे. मुक्कामाचा परवाना मात्र कुठल्याच पासात येत नाही. अमेरिकेत राहणाऱ्यांनी जादा आकारणी टाळायला राज्याचा वाहन परवाना किंवा ग्रीन कार्ड जवळ ठेवावे.

पैशांपेक्षा तारीख मिळणे अवघड. ऑक्टोबरमध्ये जायचे, तर रिक्रिएशन डॉट गव्हवर १६ मे ते १ जून या काळात लॉटरीसाठी अर्ज करावा लागतो. नंबर लागला की इतरांच्या आधी तारखा निवडायला मिळतात. उरलेल्या नंतर सर्वांना खुल्या होतात. मुख्य वाटांवरच्या तळांचे मोजके परवाने ऐनवेळी उद्यानाच्या कार्यालयात मिळतात, पण त्या भरवशावर विमानाची तिकिटे काढू नका. जून ते ऑगस्ट टाळाच; नदीकाठी पारा चाळिशी ओलांडतो.

उतरायला साउथ कायबाब वाट, सुमारे ११ किलोमीटर. वाटेत पाण्याचा थेंब नाही, म्हणून सगळे पाणी वरूनच भरून घ्या. तिच्या तोंडाशी खासगी गाडी नेता येत नाही, शटलनेच जायचे. परतताना ब्राइट एंजल वाट: १५ किलोमीटर, चढ सुमारे १,३०० मीटर. या वाटेवर नळ आहेत, पण त्यांना पाणी पुरवणारी जुनी जलवाहिनी वरचेवर फुटते. पाणी शुद्ध करायच्या गोळ्या किंवा फिल्टर घेतल्याशिवाय निघू नका. खाणे तळावरच्या धातूच्या पेटीत ठेवायचे, नाहीतर खारी पिशव्या कुरतडतात.

सह्याद्रीत दमलो की खाली उतरून गावात पोचता येते. इथे चढ शेवटी येतो, तोही थकलेल्या पायांवर आणि उन्हात. म्हणून परवाना वाचवायला एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत यायचा बेत करू नका. उद्यानाचे रेंजरही तेच बजावतात. उलट दोघांमागे आणखी ३० डॉलर घालून दुसरी रात्र ब्राइट एंजल वाटेवरच्या हवासुपाई गार्डन्स तळावर काढा. चढ दोन दिवसांत विभागतो, आणि शेवटच्या सात किलोमीटरला पहाटे, ऊन चढायच्या आत निघता येते. दोन्ही रात्री एकाच परवान्यात मागायच्या. परवान्याचे एकूण ७० डॉलर.