झरीची सभा आणि आपले राष्ट्र



धर्मांतर केल्यानंतर आपल्यापैकी पुष्कळांना एक प्रश्न ऐकावा लागतो. "देव सोडलेत, सण सोडलेत, मग तुम्ही या देशाचे कसे?" विचारणारा राष्ट्र आणि धर्म यांची गल्लत करतो. त्याला उत्तर द्यायला फार दूर जाण्याचे कारण नाही. तलासरी तालुक्यातील झरी गावाचा इतिहास पुरेसा आहे. खेदाची गोष्ट ही की, तो आपल्याही मुलांना ठाऊक नसतो.

२३ मे १९४५ रोजी झरी येथे सुमारे पाच हजार वारली स्त्री-पुरुष जमले. त्यांच्या जमिनी सावकार-जमीनदारांनी गिळल्या होत्या. मालकाच्या शेतावर फुकट राबायचे, हीच वेठ. लग्नासाठी कर्ज काढले की नवराबायको दोघेही मालकाचे गुलाम होत. अशांना 'लग्नगडी' म्हणत. त्या दिवशी किसान सभेच्या लाल बावट्याखाली त्यांनी ठरविले की, यापुढे वेठ करायची नाही आणि रोज बारा आणे रोख मिळाल्याशिवाय मालकाचे काम करायचे नाही. पुढे १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण ठार झाले. गोदावरी परुळेकर यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक या लढ्याचेच आहे. मिळाल्यास घरात मोठ्याने वाचावे.

आता विचार करा. या वारल्यांची बोली पुस्तकी मराठी नाही. त्यांचे देव हिरवा, हिमाय, नारनदेव. ते ना पुराणातले, ना आपले. झरी तेव्हा उंबरगाव तालुक्यात होते. १९६० साली राज्ये वेगळी झाली, उंबरगाव गुजरातेत गेले आणि झरी महाराष्ट्रात राहिले. एकाच पाड्याच्या सोयऱ्यांपैकी एकाचा मुलगा गुजराती पाठ म्हणतो, दुसऱ्याचा मराठी. मग त्यांचे राष्ट्र भाषेने ठरवायचे, की देवाने?

बाबासाहेबांनी याचे उत्तर संविधान सभेत दिले. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी सवाल केला की, हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे होऊ शकतील? जातींना त्यांनी राष्ट्रविरोधी ठरविले. वेगळा देव मानणाऱ्याला नव्हे, हे ध्यानात घ्या. उद्दिष्टांच्या मूळ ठरावात 'बंधुता' हा शब्द नव्हता. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने तो उद्देशिकेत घातला. आणि अनुच्छेद २३ ने वेठबिगारी गुन्हा ठरविली. झरीच्या वारल्यांनी जे नाकारले, तेच साडेचार वर्षांनी या देशाच्या संविधानानेही नाकारले. आता सांगा, त्या सभेत राष्ट्राच्या बाजूने कोण उभे होते, वारली की त्यांना राबविणारे मालक?

वेठ हा शब्द आपल्याही घरात परका नाही. महार वतनाच्या नावाखाली आपल्या आज्या-पणज्यांनी गावाची किती कामे फुकट केली! ते वतन बदलण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. कनिष्ठ वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडले. तरीही आपल्यातील काही घरे वारल्यांना 'जंगली' म्हणतात, त्यांच्या मुलाजवळ आपला मुलगा बसला तर नाक मुरडतात. मी शिक्षक आहे, वर्गात हे माझ्या डोळ्यांना दिसते. ज्या जिभेने आपण 'आम्ही या देशाचे कसे नाही?' असे विचारतो, त्याच जिभेने हा शब्द उच्चारायचा काय?

कुटुंबासाठी या पाठाचे काम एवढेच. घरातील वडीलधाऱ्यांना विचारा की, आपल्या पूर्वजांना कोणती कामे फुकट करावी लागत. मुलांना ती वहीत लिहू द्या. मग शेजारच्या पाड्यावर जा आणि तिथल्या म्हाताऱ्यांनाही हेच विचारा. दोन्ही याद्या एकाच पानावर शेजारी शेजारी लिहा.