ताटांतील अन्न आणि धरणांतील पाणी

आपल्या घरीं काय शिजतें याचा नदीच्या पाण्याशीं काय संबंध, असें कोणीही विचारील. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां पीकपाहणीचे कागद वर्षानुवर्षें माझ्या हाताखालून गेले, तेव्हां तो संबंध मला दिसूं लागला. बाजरीचा आंकडा घटत गेला. ऊस, द्राक्षें, मका यांचे वाढत गेले.

प्रथम माणसांचा हिशेब पाहूं. 1901 च्या खानेसुमारींत नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या सुमारें 8 लक्ष होती. 2011 सालीं ती 61 लक्षांवर गेली. खाणारीं तोंडें सातपट झालीं. गोदावरी, दारणा, गिरणा यांवरील पाऊस कांहीं सातपट झाला नाहीं.

आतां पाण्याचा हिशेब. एका एकरावर एक इंच पाणी द्यावयाचें तर सुमारें 1 लक्ष लिटर लागतें. उसास लागणीपासून तोडणीपर्यंत 60 ते 100 इंच पाणी लागतें. बाजरीस 16 ते 20 इंच पुरतें. एकरीं उत्पन्न उसाचें अधिक, हें खरें. परंतु बाजरी पडत्या पावसावर तीन महिन्यांत हातीं येते व सरमड गुरांस वैरण होतें. उसाचें बहुतेक पाणी पाटाचें अथवा विहिरीचें, म्हणजे सामाईक सांठ्यांतील असतें.

त्या सांठ्यांत जायकवाडीखालील शेतकऱ्याचाही वांटा आहे. समन्यायी पाणीवांटपाचें तत्त्व 2005 च्या कायद्यानें घातलें असून, 2018 व 2023 सालीं नाशिक-नगरच्या धरणांतून खालीं पाणी सोडावें लागलें. त्या वेळीं आपण रागावलों. पण पैठणकडील माणूसही तहानेलाच होता.

मोसम-गिरणा खोऱ्यांतील फडबागायतींत बंधाऱ्याचें पाणी पाहून कोणत्या फडांत कोणतें पीक घ्यावें, हें गांव मिळून ठरवी. आधीं पाणी, मग पीक, हा तो नियम होय.

ऊस अथवा द्राक्षें सोडा, असें मी म्हणत नाहीं; कर्ज त्यांवरच फिटतें. मात्र त्यांस ठिबकनें पाणी द्यावें, कांहीं क्षेत्र बाजरी व मुगास राखावें, आणि ती बाजरी प्रथम आपल्याच घरीं खावी. माझ्या घरींही बाजरीची भाकरी सुटून बारमाही गव्हाची पोळी आली होती. दोषी मीही आहें. यंदा हिंवाळ्यांत चुलीवर पुन्हां भाकरी भाजली जाते. शेतकऱ्याच्याच ताटांत बाजरी नसेल, तर शहरच्या गिऱ्हाइकानें ती कां मागावी?