सिलिंडरला साखळी बांधली का?

आपल्या वस्त्यांमध्ये आयटीआय करून बाहेर पडलेला एखादा मुलगा नोकरी न मिळाल्यास घराच्या पडवीतच गेट-ग्रिलचे काम सुरू करतो. वेल्डिंग मशीन येते, पाठोपाठ गॅस कटिंगसाठी सिलिंडर येतात. पुढे पत्र्याखाली वर्कशॉप, मागे स्वयंपाकघर आणि मध्ये खेळणारी मुले असे चित्र अनेक घरांत दिसते. स्वतःच्या पायावर उभे राहण्याची ही धडपड कौतुकाचीच आहे. म्हणूनच या महिन्यात आरोग्याच्या पानावर औषधाऐवजी साखळीविषयी लिहीत आहे.

माझा थोरला भाऊ हेच काम करतो. काही वर्षांपूर्वी पत्रा ओढताना त्याच्या कोपराचा धक्का भिंतीला नुसता टेकवून ठेवलेल्या ऑक्सिजनच्या सिलिंडरला लागला. सिलिंडर आडवा झाला आणि त्याच्या पावलावर पडला. दोन हाडे मोडली, तीन महिने काम बंद राहिले, घर वहिनीच्या शिवणकामावर चालले. तरीही आम्ही नशीबवान, कारण सिलिंडरवर टोपण लावलेले होते. ते नसते तर काय झाले असते, हे आधी समजून घेऊ.

धोका कुठे आहे?

ऑक्सिजनचा मोठा सिलिंडर उंचीला साडेचार-पाच फूट, पण त्याचे बूड जेमतेम नऊ इंचांचे. वजन साठ किलोच्या आसपास किंवा त्याहून जास्त. उंच, जड आणि बुडाला अरुंद वस्तू थोड्याशा धक्क्यानेही कलंडते. भरलेल्या सिलिंडरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १५० किलोचा दाब असतो. मोटारसायकलच्या टायरमध्ये तो साधारण २ किलो असतो. आता हिशोब करा. सिलिंडरचे अंग जाड पोलादाचे असते, पण वरचा व्हॉल्व्ह पितळेचा आणि तुलनेने नाजूक. पडताना व्हॉल्व्ह मोडला, तर आतला वायू एका बाजूने जोरात सुटतो आणि सिलिंडर उलट दिशेने अग्निबाणासारखा झेपावतो. त्याला विटांची भिंतही अडवेलच असे नाही.

साखळी कशी बांधावी?

१. प्रत्येक सिलिंडरला दोन ठिकाणी साखळी हवी. एक जमिनीपासून साधारण सव्वा फुटावर, दुसरी तीन-साडेतीन फुटांवर. एकच साखळी खाली बांधली तर सिलिंडर वरून कलंडतो.

२. साखळी पक्क्या भिंतीत फास्टनर ठोकून बसवलेल्या लोखंडी अँगलला अडकवा. पत्र्याची भिंत, पाण्याचा पाइप किंवा विजेच्या वायरची नळी हा आधार नव्हे.

३. नायलॉनची दोरी किंवा सुतळी वापरू नका. वेल्डिंगची एक ठिणगी पडली की ती जळते.

४. साखळी सैल नको, पण तिचा हूक हाताने चटकन सुटला पाहिजे. आग लागली तर पाना शोधायला वेळ नसतो.

५. रिकामा सिलिंडरही बांधा. 'रिकामा' म्हणतो त्यातही थोडा दाब उरलेला असतो. व्हॉल्व्ह बंद करून, टोपण लावून, खडूने 'रिकामा' असे लिहून तो वेगळा ठेवा.

६. सिलिंडर हलवताना आधी रेग्युलेटर काढा, टोपण लावा आणि साखळीच्या ट्रॉलीवरून न्या. जमिनीवर लोळवू नका, टोपणाला धरून उचलू नका.

कोणता सिलिंडर कसा ठेवावा?

औद्योगिक ऑक्सिजनचा सिलिंडर काळा, तर ॲसिटिलीनचा मरून रंगाचा असतो. ॲसिटिलीनच्या सिलिंडरमध्ये सच्छिद्र पदार्थ भरलेला असतो आणि त्यात ॲसिटोन या द्रवात वायू विरघळवलेला असतो. म्हणून हा सिलिंडर नेहमी उभाच ठेवावा आणि उभाच वापरावा. आडवा करून वापरला तर वायूबरोबर ॲसिटोनही बाहेर येते. कटिंगसाठी एलपीजी वापरत असाल तर तोही सिलिंडर उभाच हवा. घरगुती वापराचा लाल सिलिंडर धंद्याला वापरणे कायद्याने गुन्हा आहे.

जादा सिलिंडर साठवून ठेवायचे असतील, तर ऑक्सिजन आणि जळणारा वायू यांत किमान वीस फुटांचे अंतर ठेवावे. तेवढी जागा नसेल तर साठा करूच नये. लागेल तसा सिलिंडर आणावा आणि रिकामा झाला की परत करावा. झोपायच्या खोलीत, जिन्याखाली, चुलीजवळ किंवा बंद खोलीत सिलिंडर नको. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली की जमिनीलगत साचतो.

ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण जळणाऱ्याला भडकवतो. त्याच्या व्हॉल्व्हला किंवा रेग्युलेटरला तेल, ग्रीस, तेलकट हात लागता कामा नये. ऑक्सिजनच्या झोताने कपड्यांवरची धूळ उडवण्याची सवय तर जीवघेणी आहे. कपड्यात ऑक्सिजन भरून राहतो आणि एका ठिणगीने माणूस पेटतो.

दोन्ही नळ्यांवर आग उलटी जाऊ न देणारे फ्लॅशबॅक अरेस्टर बसवा. गळती तपासायला साबणाचे पाणी लावा, काडी कधीही पेटवू नका. सिलिंडर घेताना त्यावर कोरलेली चाचणीची तारीख पाहा. मुदत टळली असेल तर परत पाठवा. सिलिंडरचे नियम पाहणारी केंद्र सरकारची पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना आहे. तिचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.

अपघात झालाच तर

पायावर सिलिंडर पडला तर चोळू नका, मालिश करू नका. पाय न हलवता लाकडी पट्टीचा आधार बांधून दवाखान्यात न्या. भाजले तर भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे नळाचे साधे पाणी सोडा. टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका, फोड फोडू नका. आग लागली तर आधी मुलांना आणि म्हाताऱ्यांना लांब न्या आणि १०१ किंवा ११२ वर फोन करा. आत ॲसिटिलीन आहे, हे अग्निशमन दलाला आवर्जून सांगा. तापलेला ॲसिटिलीनचा सिलिंडर आग विझल्यानंतरही फुटू शकतो, म्हणून त्याच्याजवळ कोणीही जाऊ नये. एलपीजीच्या गळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे. तो भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

भावाच्या पडवीत आता दोन साखळ्या आहेत. त्यांचा खर्च एका दिवसाच्या मजुरीहूनही कमी आला. रोज संध्याकाळी काम संपले की व्हॉल्व्ह बंद केला का आणि साखळी अडकवली का, हे वहिनी विचारते. हे वाचून झाल्यावर घरच्या किंवा शेजारच्या वर्कशॉपमध्ये एकदा जाऊन तुम्हीही विचारा.