चवथीला नको, पुनवेला ये

बाबू, तू इंग्लंडातलं स्विंडन सोडून कायमचा येतोस हे कळल्यापासून तुझ्या आईचे पाय जमिनीवर नाहीत. चवथीला येतो म्हणालास, तर तिने गणपतीवरच्या माटोळीला काय काय बांधायचं त्याची यादीसुद्धा काढली. तिच्यासमोर मी काही बोललो नाही. पण मामा म्हणून तुझ्या कानात सांगतो. चवथीला येऊ नकोस, पेडण्याच्या पुनवेला ये.

यात देवाधर्माचं काही नाही, हिशेब आयकर खात्याचा आहे. आपलं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं आणि ३१ मार्चला संपतं. त्यात इथे १८२ दिवस भरले की तू निवासी. ६० दिवसांचाही एक नियम आहे, पण तो मागच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस इथे काढलेल्याला लागतो. तू वर्षाला महिनाभर येणारा, तुला तो लागत नाही. आता बोटांवर मोज. १ ऑक्टोबरला उतरलास तर मार्चअखेर बरोबर १८२ दिवस होतात, २ ऑक्टोबरला उतरलास तर १८१. म्हणजे एका रात्रीचा खेळ. फेब्रुवारी २९ दिवसांचा असेल, जसा २०२८ साली आहे, तर आणखी एक दिवस उशिरा उतरायचं. चवथ ऑगस्ट-सप्टेंबरात येते, पुनव म्हणजे कोजागिरी, ती बहुतेक ऑक्टोबरात. भगवतीच्या देवळाकडे भूतनाथाला आवरताना लोकांची दमछाक होते ती बघायला तसाही तू कितीतरी वर्षांत आलेला नाहीस.

विमान आता आपल्याच सड्यावर उतरतं. जिथे आम्ही गुरं सोडायचो आणि काजूचे बोंडू वेचायचो, तिथे ५ जानेवारी २०२३ पासून विमानतळ चालू झाला. पासपोर्टावर शिक्का बसतो तो घरापासून हाकेच्या अंतरावर. पण शिक्क्यावर तारीख कुठली पडते ते बघून तिकीट काढ. रात्री साडेअकराला उतरलास तरी तो पूर्ण दिवस धरतात.

तू म्हणशील, पोर्तुगालचा पासपोर्ट आहे, ओसीआय कार्ड आहे, मला इथल्या कराचं काय? अरे, कर पासपोर्टाचा रंग बघत नाही, दिवस बघतो. त्यासाठी जुना भारतीय पासपोर्ट, रद्द झालेला असला तरी, जपून ठेव. शिक्क्याच्या प्रत्येक पानाची झेरॉक्स काढ. आपल्याकडचे तारवटी, जहाजावर नोकरी करणारे, हे पहिल्यापासून करतात. त्यांचं सगळं आयुष्यच दिवस मोजण्यात जातं.

परत आलेल्याला कायदा लगेच पूर्ण जाळ्यात घेत नाही. मध्ये एक पायरी आहे, आरएनओआर म्हणतात तिला. मागच्या दहा वर्षांपैकी नऊ वर्षं अनिवासी असलास, किंवा मागच्या सात वर्षांत मिळून ७२९ किंवा त्याहून कमी दिवस इथे राहिलास, तर परदेशात मिळालेल्या उत्पन्नावर इथे कर नाही. पुनवेला आलास तर पहिलं वर्ष अनिवासी आणि पुढची दोन वर्षं आरएनओआर, हे पक्कं. चवथीला आलास तर पहिल्या वर्षापासूनच ही पायरी खर्ची पडते. दोन वर्षं मिळतील, तिसरं मिळेल की नाही ते त्या ७२९ दिवसांवर. एखाद्या वर्षी आईच्या आजारपणात दोन महिने राहिला असशील तर गेलं. म्हणून म्हणतो, भरवशाची वाट धर.

या काळात करायचं काम एकच, पण मोठं. गोदामातल्या नोकरीची जी पेन्शन साठली आहे ना, तिच्यातला चौथा हिस्सा इंग्लंडात करमुक्त काढता येतो. आज वयाची अट ५५ आहे, ६ एप्रिल २०२८ पासून ५७ होणार. तू छप्पन्नचा आहेस, म्हणजे आता तुझ्या हातात आहे. तिकडे तो हिस्सा करमुक्त म्हणून इथेही करमुक्त, असं धरून बसू नकोस. इथे पूर्ण निवासी झाल्यावर काढलास तर भांडत बसावं लागेल. म्हणून अनिवासी किंवा आरएनओआर असतानाच काढ. आणि हे नीट ऐक: पैसा आधी तिकडच्या तुझ्या खात्यात उतरू दे, मग इकडे पाठव. थेट म्हापशाच्या बँकेत मागवलास तर ते उत्पन्न भारतात मिळालं असं होतं, आणि भारतात मिळालेल्या उत्पन्नाला अनिवासीसुद्धा सुटत नाही. बाकीचा तीन-चतुर्थांश एकदम काढायच्या फंदात पडू नकोस, त्या वर्षी तिकडचा कर वरच्या पट्टीत जातो.

पुढे महिन्याची पेन्शन सुरू होईल तेव्हा भारत आणि ब्रिटन यांच्यातला १९९३चा करार कामाला येतो. सरकारी नोकरीची पेन्शन सोडली तर बाकी पेन्शनवर कर माणूस राहतो त्या देशाने घ्यायचा. म्हणजे तू निवासी झाल्यावर इथे. पण तिकडची कापणी आपणहून थांबत नाही. आपल्या आयकर खात्याकडून निवासी असल्याचा दाखला घेऊन तिकडच्या खात्याला अर्ज करावा लागतो. तिकडची सरकारी म्हातारपणाची पेन्शन निदान दहा वर्षं भरल्याशिवाय मिळत नाही, पूर्ण मिळायला पस्तीस. निघण्याआधी तुझी किती भरली ते कागदावर काढून घे. आणि एक कडू गोष्ट: भारतात राहणाऱ्याची ती पेन्शन वाढत नाही. सुरू झाली त्या आकड्यावरच थिजते.

आता माझं सांगतो, हसू नकोस. अबुधाबीत सत्तावीस वर्षं काढली. तिथे आपल्यासारख्यांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी. पहिल्या पाच वर्षांना वर्षामागे २१ दिवसांचा मूळ पगार, पुढच्या वर्षांना ३० दिवसांचा, तोही जास्तीत जास्त दोन वर्षांच्या पगाराइतका. ती आणि साठवलेलं सगळं एनआरई ठेवीत घातलं. परत आलो, घराला रंग काढला, आणि बँकेला सांगायला विसरलो. विसरलो कसला, कुणीतरी म्हणालं चालतं, तेच गोड वाटलं. एनआरईच्या व्याजावर कर नाही, पण ते बाहेर राहणाऱ्यासाठी. कायमचा आलास की ती खाती निवासी करायची, किंवा पैसा परत आलेल्यांसाठीच्या परकी चलनाच्या आरएफसी खात्यात न्यायचा. मी तीन वर्षं करमुक्त व्याज खात बसलो. मग नोटीस आली. कर भरला, त्यावर व्याज भरलं, आणि तुझ्या मामीला अजून खरा आकडा सांगितलेला नाही. परकी चलनातली एफसीएनआर ठेव असेल तर ती मुदतीपर्यंत राहू देता येते, आणि आरएनओआर असेपर्यंत तिचं नि आरएफसीचं व्याज सुटतं.

गोंयकाराला मात्र एक गोष्ट मिळते जी मुंबईच्या सीएला पुष्कळदा ठाऊक नसते. आपल्याकडे पोर्तुगीज सिव्हिल कोड. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता एक, आणि आयकर कायदाही ते मानतो. १९६१च्या कायद्यात कलम ५-अ होतं ते हेच. पगार सोडून बाकी उत्पन्न, म्हणजे व्याज, भाडं, दोघांत अर्धं अर्धं वाटून दोघांच्या विवरणपत्रांत दाखवायचं. जुन्या मालकाकडून येणारी पेन्शन पगारात मोडते, ती वाटता येत नाही. पण तीच रक्कम एकदा काढून मुदत ठेवीत घातलीस की तिचं व्याज वाटलं जातं. तुझ्या बायकोचं पॅन कार्ड काढलंय ना? सिव्हिल रजिस्ट्रारकडून लग्नाचा दाखलाही आणून ठेव.

पूर्ण निवासी झाल्यावर तिकडचं बँक खातं आणि उरलेली पेन्शन विवरणपत्रात दाखवायलाच हवी. लपवलं तर दहा लाखांच्या दंडाची भीती. तिकडच्या पेन्शन खात्यात वाढत जाणाऱ्या रकमेवर इथे दरवर्षी कर लागू नये, तिकडे लागेल त्या वर्षीच लागावा, यासाठी सवलत आहे. अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनच्या खात्यांना ती मिळते. जुन्या कायद्यात कलम ८९-अ आणि फॉर्म १०-ईई. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा आला, आकडे बदलले, सीएला विचार. एकदा निवडली की मागे फिरता येत नाही, म्हणून सही करायच्या आधी मला फोन कर.

आईला मात्र तू सांगू नकोस. माटोळी यंदा मीच बांधीन म्हणतो, आणि तू पुनवेला येतोस हे तिला चवथीचं जेवण झाल्यावर सांगीन.